सात नंबरचा बाक

निकाल आला तेव्हा निरू झोपली होती आणि मी तिच्या पोटाकडे बघत बसले होते. चौदा महिन्यांच्या बाळाचं पोट झोपेत मिनिटाला किती वेळा वरखाली व्हायला हवं, हे मला पाठ आहे. कुणी विचारत नाही, म्हणून मी सांगत नाही. दुपारचे अडीच वाजले होते. उशीखाली मोबाईल थरथरला. आवाज बंद होता, तरी मी आधी निरूकडे बघितलं आणि मग पडद्याकडे.

प्रत्यक्ष गुण : ७१.२
निर्मलित गुण : ९४.६
जलविज्ञान, पदव्युत्तर अभ्यासक्रम. प्रवेशाची शक्यता : ८८ टक्के.

त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की नुसत्या प्रत्यक्ष गुणांवर ही शक्यता तीन टक्के असती.

ही सरकारी नावं कागदावरच राहिली. सगळे जण ‘गढूळ गुण’ आणि ‘निवळ गुण’ म्हणतात आणि त्या सगळ्या यंत्रणेला म्हणतात ‘तुरटी’.

ज्यांनी ही परीक्षा दिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. कुठल्याही परीक्षेच्या गुणांत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. माणसाला काय येतं ते, आणि त्या दिवशी त्याचं काय चाललं होतं ते. एकाच मुलीला एकाच तोडीचे दोन पेपर सोमवारी आणि गुरुवारी दिले तर गुण वेगळे पडतात. परीक्षा घेणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून माहीत होतं. तरीही ते दशांश चिन्हापुढच्या आकड्यावर रेघ ओढायचे आणि रेघेच्या अलीकडची मुलगी विद्यापीठात जायची, पलीकडची घरी.

तुरटीनं या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. परीक्षेच्या वेळी कानामागे एक पातळ पट्टी चिकटवतात. ती मेंदूच्या लहरी वाचते. समोरचा कॅमेरा डोळ्यांच्या बाहुल्या बघतो. कुठल्या प्रश्नाला मन जागेवर होतं आणि कुठे ते भलतीकडे गेलं, हे दोन्हीवरून कळतं. पण तेवढं पुरत नाही. मन जागेवर असतं तर उत्तर आलं असतं का, हेही कळायला हवं. त्यासाठी यंत्र आपल्या जुन्या सराव परीक्षांच्या नोंदी उपसतं. कुठल्या प्रश्नाला किती सेकंद लागले, कुठे थांबलो, काय खोडलं, सगळं तिथं जपलेलं असतं. त्यातून तयार होतो आपला ‘मूळ नकाशा’: ताजंतवानं असताना आपण कसा विचार करतो त्याचा. मग यंत्र सांगतं, झोप झाली असती तर या बाईंना इतके गुण पडले असते.

गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, तसं. माझ्या बाबतीत तो गाळ माझ्या शेजारीच पालथा झोपला होता, मूठ तोंडाशी धरून.

अद्वैतला, माझ्या नवऱ्याला, मी आकडा कळवला. तो ऑफिसातून जवळजवळ ओरडलाच. “मी म्हणत नव्हतो? तुला सगळं येतं, फक्त झोप येत नाही! कंदी पेढे आणतो.”

मी हसले. मग अहवाल वाचायला घेतला. मला औषधाच्या खोक्यातला कागदही शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय आहे.

नवव्या पानावर होतं ‘वाचन व युक्तिवाद’. तुरटीनं मला सगळ्यात जास्त गुण तिथंच वाढवून दिले होते. एकोणीस प्रश्न. खाली कारण होतं : *अशा प्रश्नांत उमेदवार प्रथम शेवटचा पर्याय वाचतो व नंतर उलट्या क्रमाने वर जातो. लक्ष स्थिर असताना अचूकता ९७ टक्के.*

मी ते दोनदा वाचलं.

मी आयुष्यात कधी शेवटचा पर्याय आधी वाचलेला नाही. मी पहिला वाचते, तो बरोबर वाटतो, आणि बरोबर वाटला म्हणूनच मला त्याचा संशय येतो. खालून वर वाचणारी मुलगी मला माहीत होती. ती माझ्या डावीकडे बसायची.

*

सांगलीत मार्केट यार्डाला लागून बिरनाळे सरांची अभ्यासिका होती. खाली हळदीची अडत, वर आम्ही. हंगामात खिडकी उघडी ठेवली की संध्याकाळपर्यंत वह्यांच्या कडा पिवळ्या व्हायच्या. कीबोर्डाच्या फटींतही हळद बसायची. घरी गेल्यावर आई विचारायची, “कुणाच्या हळदीला जाऊन आलीस?”

अभ्यासिकेत तीस बाक, तीस संगणक आणि साठ मुलं. दारावर सरांच्या ठसठशीत अक्षरातली पाटी होती : ‘एका बाकाला एक लॉगिन. भांडल्यास दोघेही बाहेर.’

सात नंबरच्या, खिडकीजवळच्या बाकावर मी आणि पद्मश्री मगदूम. लॉगिन माझ्या नावावर निघालं, कारण पहिल्या दिवशी पद्मीनं मोबाईल घरी विसरला होता आणि ओटीपी माझ्या मोबाईलवर आला. एवढंच. तेव्हा त्यात काही आहे असं कुणालाच वाटलं नाही.

पद्मीचे वडील, आप्पा, यार्डात तोलाईचं काम करायचे. पोतं बघायचं ते तळापासून, हे ती त्यांच्याकडून शिकली होती. “वर कुणीपण चांगलीच हळद ठेवतंय,” ती म्हणायची. “खरं काय ते खाली असतंय. पर्यायांचं पण तसंच. पहिला पर्याय म्हणजे गिऱ्हाईकाला दाखवायचा माल.”

आकडेमोड माझ्याकडे, वाचन तिच्याकडे, अशी आमची वाटणी होती. निम्मी परीक्षा मी द्यायची, मग खुर्च्या बदलून निम्मी तिनं. मग एकमेकींना चुका समजावून सांगायच्या. समजावता समजावता दोघी एकाच पडद्यावर वाकायचो, एकीचं बोट, दुसरीचा माऊस. मध्ये भडंगाचा पुडा. दोन वर्षं हे चाललं. त्या दोन वर्षांत मला एकदाही भीती वाटल्याचं आठवत नाही. आता मी गॅस बंद केलाय का ते तीनदा बघते, आणि त्या खिडकीतल्या मुलीबद्दल मला कधीकधी वाटतं, की ती कुणी दुसरीच असावी.

निम्मी होतीही.

खऱ्या परीक्षेला आम्ही वेगवेगळ्या वर्गांत, एकेकट्या बसलो. मला ब्याऐंशी, तिला त्र्याऐंशी. रेघ शहाऐंशीवर होती. मी नोकरी धरून पुण्याला आले, लग्न केलं. ती सांगलीतच राहिली. सुरुवातीला रोज फोन, मग दिवाळी-पाडव्याचे निरोप. शेवटचं बोललो त्याला सहा वर्षं झाली होती.

*

निरू उठून भिंतीला धरून चालायला लागली, तेव्हा मी फोन लावला.

“अगं बाई, शालू? कोण गेलं?”

“कुणी नाही गं. कुणी गेल्यावरच फोन करतात का?”

“सहा वर्षांनी वाजला म्हणून विचारलं. शाल्मलीबाई पुणेकर झाल्या, आता काय! बोल की.”

पाठीमागे कसलं तरी यंत्र टिणटिण वाजत होतं. ती यार्डाच्याच प्रयोगशाळेत हळदीची प्रत ठरवायचं काम करत होती. मी निरूचं, इकडचं तिकडचं बोलले आणि मग परीक्षा दिल्याचं सांगितलं.

“तू पण?” ती ओरडली. “मी पण! माझी तिसरी वेळ. तीनच वेळा बसता येतंय, म्हणजे संपलं आता. कशाला दिलीस?”

“जलविज्ञान.”

“मी पण तेच. पुराच्या गावातल्या पोरी, दुसरं काय सुचणार! मला पंच्याऐंशी पडले. रेघ सत्त्याऐंशीवर आहे म्हणे.”

“निवळ पंच्याऐंशी?”

“निवळ कुठलं! मला तुरटी लागलीच नाही. ‘मूळ नोंद उपलब्ध नाही.’ परीक्षेच्या आदल्या दिवशी आप्पांना दवाखान्यात नेलेलं, डोकं नुसतं गरगरत होतं. मी म्हटलं, साहेब, मी दोन वर्षं रोज सराव केलाय, बघा की शोधून. ते म्हणाले, मग तुमच्या नावानं काहीच कसं नाही? मी म्हटलं, असेल बाबा. तुझं किती?”

“चौऱ्याण्णव.” मी म्हटलं. “निवळ.”

यंत्र चार-पाच वेळा टिणटिणलं.

“वाचनात किती?” तिनं विचारलं.

“नव्वदच्या पुढे.”

“बरं झालं की,” पद्मी म्हणाली. “पोरीचा आवाज ऐकव बघू.”

मी फोन निरूच्या कानाला लावला. निरूनं तो चावला. पद्मी हसली आणि फोन ठेवला. मी काहीच सांगितलं नव्हतं.

आक्षेप नोंदवायला पाच दिवस होते. नियम चौदा मी इतक्या वेळा वाचला की डोळे मिटले तरी तो दिसायचा : दुसऱ्याची सराव नोंद स्वतःची म्हणून वापरणाऱ्या उमेदवाराला दोन वर्षं बंदी. मी वापरली नव्हती. यंत्रानं आपणहून उपसली होती. पण हे कुणाला पटवून द्यायचं, आणि कशाच्या जोरावर?

पहिला दिवस गेला. पेढे संपले. दुसऱ्या दिवशी मी पाळणाघर बघून आले आणि खिडक्यांना जाळ्या आहेत का ते हात लावून तपासलं. तिसऱ्या दिवशी सकाळी अद्वैतला सांगितलं.

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. “तू कॉपी केलीस का? नाही. परीक्षेला पट्टी तुझ्याच कानामागं होती.”

“नकाशा माझा नव्हता.”

“निम्मा होता ना.”

“नुसता माझा निम्मा असता तर शक्यता अठ्ठ्याऐंशी टक्के नसती. तिची ही तिसरी वेळ होती, अद्वैत. तिच्या नावानं काहीच नाही, कारण तिचं सगळं माझ्या नावानं आहे.”

“आणि तुझ्यावर बंदी आली तर?”

“तर दोन वर्षं.”

“तू इतकी वर्षं या जागेची वाट बघितलीस.” तो चिडून बोलत नव्हता. त्याला वाईट वाटत होतं आणि त्यामुळे मला आणखी अवघड झालं. मी नुसतीच निरूचे मोजे शोधत राहिले. शेवटी तोच म्हणाला, “टोपी घे तिची. सांगलीला ऊन असेल.”

*

आम्ही तिघं पोचलो तेव्हा प्रयोगशाळेत पद्मी पांढऱ्या कोटात होती आणि कोपरापर्यंत पिवळी. समोर पोतं उघडं होतं. यंत्रानं प्रत सांगितली होती, तरी तिचा हात तळाशी गेलेला होता.

“तीन दिवस लावलेस,” ती माझ्याकडे न बघताच म्हणाली. “मी दोन धरले होते.”

“तुला माहीत होतं?”

“वाचनात नव्वद! तू! अगं, तुला साधी लग्नपत्रिका धड वाचता यायची नाही, मुहूर्त सोडून जेवणाची वेळ वाचायचीस. फोनवरच कळलं मला.”

“मग बोलली का नाहीस?”

“मी कशाला बोलू? तूच येणार होतीस.” तिनं हात झटकला. “नसती आलीस, तर मग कळलं असतं काय ते.”

“राग आला?”

“आला की. पहिला दिवसभर आला. शिव्या घातल्या तुला, आप्पांनी पण ऐकल्या. मग भडंग खाल्लं.” निरू अद्वैतच्या खांद्यावरून तिच्या पिवळ्या बोटांकडे झेपावत होती. पद्मीनं तिच्या नाकाला हळदीचं बोट लावलं. “हे बघ शालू, राहू दे. तुला पोर आहे, घर आहे, पुण्यात आहेस. जा तू. मी पण येईन की त्यात निम्मी.”

हे ऐकायलाच मी आले होते की काय, असं क्षणभर वाटलं. एक ‘बरं’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं. शब्द अगदी जिभेवर आला होता.

“तुझं नाव कुठं आहे पण त्यात?” मी म्हटलं.

पद्मीनं कोट काढला, खुंटीला अडकवला आणि म्हणाली, “चल. सर घरी असतील.”

बिरनाळे सर विश्रामबागेत मुलीकडे राहत होते. त्यांनी आम्हाला ओळखलं नाही. पण “सात नंबर” म्हटल्याबरोबर ते उठून कपाटापाशी गेले. अभ्यासिकेच्या जागी आता गोदाम झालं होतं, पण सरांनी सगळी रजिस्टरं डांबरगोळ्या घालून ठेवली होती. २०३०-३१. त्यांनी भिंग धरून बोट खाली सरकवलं.

“बाक सात. शाल्मली गद्रे, पद्मश्री मगदूम. लॉगिन एक.” मग थांबले. “शेरा : खिडकीजवळ. बोलतात फार. उठवू नये.”

“उठवू नये?” पद्मीनं विचारलं.

“दोन-तीनदा उठवायचं मनात आलेलं. मग बघितलं, भांडणं नव्हती. एक अडली की दुसरी सांगत होती. म्हटलं, अभ्यासिका दुसऱ्या कशाला काढलीये?” त्यांनी भिंग खाली ठेवलं. “काय लिहून पाहिजे ते सांगा. नियम मी केला, पोरींनी पाळला. चूक असली तर माझी. ‘भांडल्यास दोघेही बाहेर’ हे पण लिहू का?”

“लिहा सर,” पद्मी म्हणाली. “सगळं लिहा.”

आमच्या दोघींच्या जुन्या सह्या त्या ओळीसमोर शेजारी शेजारी होत्या. माझी मोठी, फराटा मारलेली. मी बघतच राहिले. किती आत्मविश्वासानं मारला होता तो फराटा!

*

सुनावणी पडद्यावरच झाली. समितीच्या बाईंनी रजिस्टर पाहिलं, सरांचं पत्र वाचलं आणि मला विचारलं, “आपण हे स्वतःहून सांगताय. निवळ गुण रद्द होऊन पुन्हा मोजले जातील, कमी होतील, हे समजतंय ना?”

“हो.”

“पद्मश्री मगदूम, आपली हरकत?”

“हरकत काय असणार बाई, मला तर नाव मिळतंय.”

आम्हा दोघींना नव्यानं चाळीस-चाळीस प्रश्न सोडवायला लावले. कोण कशी थांबते, कुठून वाचायला लागते, हे यंत्रानं पुन्हा ओळखून घेतलं. मग त्यानं ती दोन वर्षांची नोंद उलगडली. आठवड्याभरानं निकाल आला.

पद्मश्री मगदूम, निवळ गुण ९०.३. प्रवेश निश्चित.

शाल्मली गद्रे, निवळ गुण ८३.८. बंदी नाही. प्रतीक्षा यादीत चौथी.

प्रतीक्षा यादी पहिल्या नावाच्या पुढे सरकलीच नाही. यादी बंद झाली त्या दिवशी मी बाथरूमचा नळ सोडून रडले. निरू बाहेरून दार वाजवत राहिली, मग मी तिलाही आत घेतलं. मी मोठी उदार वगैरे नव्हते. मला ती जागा हवी होती. अजून हवी आहे. माझी एक वेळ शिल्लक आहे.

पण निकालाबरोबर एक परिशिष्ट होतं आणि तेही मी शेवटपर्यंत वाचलं. यंत्रानं लिहिलं होतं : *एकूण ६,२१२ प्रश्नांपैकी १,१४० प्रश्न कोणत्याही एका उमेदवाराच्या नावे लावता आले नाहीत. दोन्ही पद्धती एकाच उत्तरात मिसळलेल्या आढळतात. हे प्रश्न गणनेतून वगळले आहेत.*

ते प्रश्न उतरवून घ्यायची सोय होती. मी उतरवून घेतले.

*

जुलैत पद्मी पुण्याला आली. वसतिगृहाची खोली मिळेपर्यंत आमच्याकडेच राहिली. रविवारी दुपारी तिनं भडंगाचा पुडा फोडला आणि मी ती यादी उघडली. आम्ही एकाच पडद्यावर वाकलो. निरू टेबलाखाली होती. मी दर थोड्या वेळानं वाकून बघत होते.

“हा बघ,” पद्मी म्हणाली. “प्रश्न तीनशे सात. वेळ, चार मिनिटं अकरा सेकंद. उत्तर चूक. चार मिनिटं! काय करत होतो आपण?”

साधा प्रश्न होता, दोन नळ आणि एक टाकी. मी तारीख बघितली. फेब्रुवारी, संध्याकाळी पाच. हंगामाचे दिवस. आणि मला आठवलं. खाली पोतं फुटलं होतं, वाऱ्यानं सगळी हळद वर आली होती, आम्ही दोघी खिडकी बंद करायला धावलो आणि खिडकी अडकली. परत आलो तेव्हा पद्मीच्या भुवया पिवळ्या होत्या.

“तुझ्या पण होत्या,” पद्मी म्हणाली. “आणि उत्तर तू चुकवलंस.”

“माऊस तुझ्याकडे होता.”

“बोट तुझं होतं.”

अद्वैत आतून म्हणाला, “भांडल्यास दोघीही बाहेर.”

पुढच्या परीक्षेच्या सरावासाठी मी त्याच दिवशी नवं खातं काढलं. ओटीपी माझ्याच मोबाईलवर आला. पद्मीनं खुर्ची हातभर मागे सरकवली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. “मी काही बोलणार नाही. ही नोंद तुझी एकटीची.”

मी सुरू केलं. पहिला प्रश्न आला, दुसरा आला. तिसरा वाचनाचा होता. मी पहिला पर्याय वाचला. तो बरोबर वाटला. मागे खुर्ची करकरली. मी नजर सावकाश खाली नेली, तळाच्या पर्यायावर.

तेवढ्यात टेबलाखालून एक हात वर आला आणि भडंगाचा पुडा खाली गेला. फरशीभर भडंग झालं. निरू त्याच्या मधोमध बसली होती आणि दोन्ही मुठींनी ते डोक्यावर उधळत होती. मी शेंगदाण्याला घाबरून झेपावले, पद्मी झाडूकडे धावली, दोघींची डोकी एकमेकींवर आपटली आणि पद्मी खाली बसून इतकी हसायला लागली, की निरूही हसायला लागली.

पडद्यावर तिसऱ्या प्रश्नाचं घड्याळ पळत होतं. एक मिनिट झालं, दोन झाली. मी निरूच्या मुठीतून शेंगदाणे काढून घेतले आणि त्या दोघींच्या शेजारी फरशीवर बसले. पळू दे म्हटलं.